वरमाय दिवसभर खाली

झाशी, ९ फेब्रुवारी १९५८

श्रीमती अनुसूयाबाई गद्रे यांना झाशीहून यज्ञेश्वर शेवडे याचा हात जोडून नमस्कार.

पुण्यात माझ्या साडूच्या घरी सुपारी फुटली, आपण आमच्या बकुळला सून म्हणून पसंत केलंत, तेव्हापासून माझा पाय जमिनीवर नाही. आपले चिरंजीव विद्याधर आम्हा सगळ्यांना आवडले. लग्न झाशीला करायला आपण कबूल झालात हा आपला मोठेपणा. वाईहून इतक्या लांब वऱ्हाड आणायचं म्हणजे चेष्टा नाही. पण इथल्या इंतजामाची आपण जराही फिकर करू नये. इंतजाम करणं हीच माझी नोकरी आहे.

मी इंजिनं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात नियोजनाच्या टेबलावर बसतो. कोणतं इंजिन कुठल्या दिवशी उघडायचं, कोणता फिटर कुणाच्या हाताखाली, क्रेन आधी कुणाला आणि मग कुणाला, हे मी ठरवतो. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली आहे. काम अडतं ते माणसं कमी पडतात म्हणून नाही. एकाच माणसाला दोघं एकदम ओढतात आणि बाकीचे चौघं विडी फुंकत उभे राहतात, म्हणून अडतं. लग्नातही अगदी हेच होतं. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक लग्नात नारळ फोडायला नऊ जण होते आणि पाणी वाढायला कुणी नव्हतं.

आपल्या लग्नात अडचण म्हणाल तर एकच. झाशीत मराठी पद्धतीने लग्न लावणारे भटजी एकटे मार्तंडशास्त्री, आणि त्याच दिवशी त्याच मुहूर्ताच्या आसपास शहरात गोपाळरावांच्या मुलाचंही लग्न निघालं आहे. त्यामुळे भटजी एक, चांगला घोडा एक, मोठी कढई एक, आणि लग्नं दोन. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी शास्त्रीबोवांना सायकल दिली आहे. आपल्याकडे मंगलाष्टकं संपली की ते सायकलवर बसतील, घोडा मागोमाग निघेल, आणि कढई तेवढ्यात धुऊन टांग्यात चढेल. लक्ष्मी तलावाजवळची धर्मशाळा घेतली आहे. बँड समथरहून, आचारी गुरसरायहून.

सोबत लग्नाच्या दिवसाचा तक्ता पाठवतो. डावीकडे नावं, माथ्यावर तास. ज्याला जे काम ते त्याच्या घरात लिहिलं आहे. बाकीचे सगळे मी निळ्या शाईने भरले, आपली ओळ मात्र हिरव्या शाईने, स्वतःच्या हाताने. ती पाहून आपल्याला समाधान वाटेल अशी माझी खात्री आहे.

माझी पत्नी शारदा आपल्याला नमस्कार सांगते.

आपला,
यज्ञेश्वर शेवडे


वाई, २० फेब्रुवारी १९५८

श्री. यज्ञेश्वरराव शेवडे यांना नमस्कार.

पत्र आणि तक्ता दोन्ही पोचले. पत्रात आपण ‘इंतजाम’ लिहिलं आहे, त्याला मराठीत व्यवस्था म्हणतात. मी कन्याशाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हात शिवशिवला, राग नसावा.

तक्ता मी प्रथम वरवर पाहिला. मग चष्मा लावून पाहिला. मग शेजारच्या लीलाताईंना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतला, कारण माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. आपण लिहिलंय: मार्तंडशास्त्री, खाली नाहीत. आचारी, खाली नाही. घोडा, एक ते दोन खाली. घोडा बाकीच्या वेळी वर कुठे असतो हे मी विचारत नाही, तो आपला प्रश्न आहे. आणि त्यानंतर हिरव्या शाईत वरमाय: खाली, खाली, खाली, सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक घरात खाली. वर्गात बोलणाऱ्या मुलीला मी शिक्षा म्हणून फळ्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायला लावते, तसं ते पान दिसतं.

मुलाच्या मामांच्या नावापुढे आपण ‘फालतू’ लिहिलं आहे. त्याबद्दल मी वाद घालत नाही. माझ्या भावाला आपण एकदाच भेटलात आणि आपली पारख चांगली दिसते.

पण माझं तसं नाही. मला दिवसभर खाली ठेवण्यात आपण माझा मान राखला असं आपल्याला वाटत असेल, तर असला मान मला नको. मी आयुष्य खाली बसून काढलेलं नाही, आणि मुलाच्या लग्नात तर मुळीच बसणार नाही. तक्ता दुरुस्त करून पाठवावा. या गोष्टीवर पुढच्या सगळ्या गोष्टी अवलंबून आहेत हे आपल्यासारख्या नियोजन करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अनुसूया गद्रे


झाशी, २७ फेब्रुवारी १९५८

श्रीमती अनुसूयाबाईंना यज्ञेश्वराचा नमस्कार, आणि या खेपेला दुप्पट.

आपलं पत्र मी शारदेला मोठ्याने वाचून दाखवलं, एकदा नव्हे, दोनदा. वरमाय म्हटली की पाय धुऊन घेणार, रुसणार, चहा गार आहे म्हणणार, अशी माझी समजूत होती. आणि आपण लिहिता की खाली राहणं आपल्याला पटत नाही! मला दिवसभर खाली ठेवू नका म्हणून तक्रार करणारी विहीण मी ऐकलीसुद्धा नव्हती. मी आपलं पत्र टेबलावरच्या काचेखाली ठेवलं आहे आणि आमच्या फिटरांना दाखवतो.

तक्ता त्याच दिवशी दुरुस्त केला. आता आपण क्षणभरही खाली नाही. सकाळी उठल्याबरोबर आपण आचाऱ्याबरोबर कोहळे चिरायला बसाल. गुरसरायचा माणूस हाताने चांगला पण तोंडाने फटकळ आहे, त्याच्यावर शाळेतल्या बाईंचा वचक हवाच होता. मग वरातीचे जोडे सांभाळणं. मग बँडवाल्यांना सरबत. ऐन मुहूर्ताला पाण्याच्या टाकीपाशी कुणीच खाली नव्हतं आणि मला त्याचा घोर लागला होता, तिथे आपल्याला ठेवलं आहे. मंडपाची आपण चिंता करू नये, तिथे तेव्हा माणसं पुष्कळ असतील.

आपल्या बंधूंना मात्र फालतूच ठेवलं आहे. मोठ्या कामात एक तरी माणूस फालतू लागतोच, आणि त्यांच्याइतका योग्य दुसरा कुणी दिसला नाही.

आपल्यासारखी विहीण मिळाली हे आमचं भाग्य.

आपला,
यज्ञेश्वर


(तार. वाईहून झाशीला, ६ मार्च)

वरमाय वर नसेल तर वर नाही. अनुसूया


झाशी, ८ मार्च १९५८

श्रीमती अनुसूयाबाईंना यज्ञेश्वराचा सविनय नमस्कार.

आपली तार रोमन अक्षरांत आली. तारबाबू ती घेऊन स्वतःच धापा टाकत आले आणि म्हणाले, “शेवडेजी, ये वार किस पर होने वाला है? पुलिस को खबर कर दें?” मी त्यांना पाणी दिलं. मग आम्ही दोघांनी, नंतर शारदेने, नंतर मार्तंडशास्त्र्यांनी तारेचा अर्थ लावला. शास्त्रीबोवा म्हणाले, पहिला वर क्रियाविशेषण आहे आणि दुसरा वर नवरदेव आहे. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. विहीणबाईंना वर बसायचं आहे!

एवढीच गोष्ट होती तर पहिल्याच पत्रात लिहायची. मी परका आहे का? धर्मशाळेला माडी नाही हे खरं, पण आमच्या कारखान्यातले दोन बढई रजा काढून येतो म्हणाले आहेत. मंडपाच्या अगदी पुढे आपल्यासाठी मचाण बांधत आहोत. उंची मी दोरीने मापून घेतली. घोड्यावर नवरदेव बसला, त्याने फेटा घातला, फेट्याला तुरा लावला, की तुऱ्याच्या टोकाहून आपली पावलं एक वीतभर उंच असतील. झाशीत इतक्या उंचावर वरमाय कधी बसलेली नाही. वर खुर्ची, तांब्या आणि हातपंखा राहील. अक्षता आपण वरूनच टाकाव्यात. त्या जास्त लोकांपर्यंत पोचतील.

फक्त एक हात जोडून विनंती. एकदा चढलात की समारंभ संपेपर्यंत हेठ उतरू नये, कारण शिडी एकच आहे आणि ती मध्येच दिवे लावायला लागणार आहे.

मचाणामुळे तक्ता थोडा हलला. बढई मंडपावरून काढले म्हणून मंडप उशिरा, मंडप उशिरा म्हणून वरात उशिरा, म्हणून घोडा आधी गोपाळरावांकडे जाईल. त्यामुळे त्यांच्या मुलाला सकाळी आंघोळीच्या आधीच घोड्यावर बसावं लागणार आहे. गोपाळराव माझ्याशी बोलायचे बंद झाले आहेत. एक माणूस उचलला की सगळ्यांच्या जागा बदलतात, हे लोकांना समजावून सांगणं फार कठीण आहे. पण आपण समाधानी असलात की मला दुसरं काही नको.

कोहळ्यांची व्यवस्था (इंतजाम नव्हे) दुसरीकडे केली आहे.

आपला,
यज्ञेश्वर


झाशी, ९ मार्च १९५८

पूज्य आईंना बकुळचा नमस्कार.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. माझं मराठी बोलायचं कच्चं आहे आणि लिहायचं त्याहून. चुका लाल शाईने दाखवा, पण आधी पूर्ण वाचा.

काल बाबांचा डबा द्यायला कारखान्यात गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर काचेखालचं तुमचं पत्र पाहिलं. बाबा ते सगळ्यांना खुश होऊन दाखवतात. मी वाचलं आणि मला लगेच कळलं की तुम्ही रागावलेल्या आहात आणि ते फक्त बाबांना कळलेलं नाही. पुण्याला मावशी मला खिडकीतून हाक मारायची, “बकुळ, खाली ये.” पहिल्या दिवशी मी विचार करत बसले होते की कशाने खाली होऊन येऊ.

आई, आमच्याकडे खाली म्हणजे जमिनीवर नाही. खाली म्हणजे फुरसतीत. रिकामा. ज्याला कुणी काम सांगायचं नाही असा. इथे सगळे तसंच बोलतात, आणि घरात मराठी बोलताना पण आमच्या तोंडात तेच आलं. जमिनीकडच्या बाजूला आमच्या घरी अजून हेठ म्हणतात, आजीपासून तोच शब्द आहे. आणि फालतू म्हणजे जास्तीचा माणूस, कुणी आजारी पडला तर त्याच्या जागी लावायला. मामांना वाईट वाटलं असेल तर माझ्याकडून क्षमा सांगा.

बाबा घरात पण तक्ता लावतात. भिंतीवर आहे. त्यात अम्मा कधी खाली नसते, मी कधी नसते, बाबा स्वतः तर नसतातच. पूर्ण दिवस खाली अशी ओळ मी त्यांच्या हातची पहिल्यांदा पाहिली. ते हिरव्या शाईने लिहीत होते तेव्हा अम्माने विचारलं, “विहीणबाईंना काहीच काम नाही ठेवलं?” बाबा म्हणाले, “त्या बाईने नवऱ्याच्या मागे एकटीने मुलगा वाढवला. तिला जन्मात कुणी एक दिवस खाली ठेवलं असेल का? आपल्या घरी तरी राहू दे.”

मग तुमचं पत्र आलं आणि ते म्हणाले, बघ, कामाची किती हौस. म्हणून कोहळे. मग तार आली, म्हणून मचाण. ते हट्टी नाहीत, त्यांना जे सांगितलं ते ते करतात. मचाण आता छपराच्या वर गेलं आहे. तुम्ही त्याच्यावर चढू नका, ते हलतं. बढई गाडीच्या डब्यांना फळ्या ठोकणारे आहेत, त्यांनी मचाण कधी बांधलेलं नाही.

मला हे लग्न करायचं आहे. मुलीने असं लिहू नये हे मला माहीत आहे. पण तुम्ही तार केली आहे की वर नाही, आणि ती तार मला कळली. म्हणून लिहिते की मला विद्याधर आवडले, आणि तुम्ही पण आवडल्या. पुण्यात सगळे मला स्वयंपाक विचारत होते, तुम्ही एकट्यांनी विचारलं की मी काय वाचते.

तुमची,
बकुळ


वाई, १८ मार्च १९५८

चि. बकुळ हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चुका आहेत. मी एकही खूण केली नाही.

तुला खरं सांगते, म्हणजे तुझ्या मनात किंतु राहणार नाही. विद्याधर लहान असताना माझ्या भाच्याची मुंज होती. मी आदल्या दिवसापासून लाडू वळले, सोवळ्याचं पाणी भरलं, आणि मुंजीच्या वेळी मला मागच्या खोलीत बसवलं. विधवेने पुढे येऊ नये म्हणून. तिथे एक फाटकी चटई होती आणि वर्षभराचे कांदे होते. मंगलाष्टकं मी भिंतीतून ऐकली. तेव्हा मी ठरवलं होतं की विद्याधरच्या लग्नात मी सगळ्यांच्या पुढे बसेन, आणि कुणी मागे हो म्हटलं तर लग्नच होणार नाही. तुझ्या वडिलांचा शब्द मी त्या खोलीत बसून वाचला. माणूस चांगला आहे हे मला पुण्यातच दिसलं होतं, म्हणून जास्त लागलं. आणि मग त्यांनी मला मुहूर्ताला पाण्याच्या टाकीपाशी पाठवलं! लीलाताईंनी मला धरून ठेवलं, नाहीतर मी त्याच दिवशी गाडीत बसून झाशीला येऊन भांडले असते.

आता वडिलांना माझा निरोप सांग. पहिला तक्ता कायम करावा, हिरव्या शाईसकट. मचाण मोडावं. माझी खुर्ची पहिल्या रांगेत, जमिनीवर, हातांची. घोडा गोपाळरावांच्या मुलाला आंघोळीनंतर मिळावा. कोहळ्यांचं मी विसरेन असं वचन देत नाही.

दिवसभर खाली राहणं मला जमेल की नाही, याची मात्र शंका आहे. शाळा, शिकवण्या, विद्याधरचे सदरे, घरमालकाच्या मुलांचे पाढे. रिकामं बसायची सवय नाही. करून बघते.

तुझी,
अनुसूया


झाशी, ९ मे १९५८

श्रीमती अनुसूयाबाईंना यज्ञेश्वराचा नमस्कार.

लग्न होऊन बकुळ आपल्याबरोबर गेली. गाडी सुटेपर्यंत आपण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. शारदा म्हणते, तुमचंच चुकलं, क्षमा मागा. क्षमा मागतो. पण काय झालं ते आपल्याला लोकांकडून उलटसुलट कळलं असेल, म्हणून मीच लिहितो. आपण तर झोपेत होता.

सकाळी आपण आलात, पहिल्या रांगेत निंबाच्या सावलीतल्या खुर्चीवर बसलात, शारदेने आपल्याला गजरा दिला. वाठार, पुणे, मनमाड असा गाड्या बदलत आलेला प्रवास, वर झाशीचं ऊन. आपण ताठ बसला होता. मी येता-जाता पाहत होतो. कुणी काही विचारायला आलं की मी त्याला मध्येच अडवून दुसरीकडे पाठवत होतो. मग मुलं बोहल्यावर आली, अंतरपाट धरला, शास्त्रीबोवांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, “वरमाय?” सगळ्यांनी वळून पाहिलं. आपली मान खांद्यावर आली होती आणि मांडीवर नारळ होता.

विद्याधर आपल्याला उठवायला निघाले. मी म्हणालो, उठवू नका. ते म्हणाले, “मुहूर्त आहे.” मी म्हणालो, तक्त्यात त्या खाली आहेत. खाली माणसाला काम सांगता येत नाही, आणि मुहूर्ताला जागं राहणं हेही कामच आहे. हे मी का बोललो मला माहीत नाही. बोलल्यावर ते बरोबर वाटलं. आणि आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लग्न लावायचं नाही हेही मला तितकंच पक्कं वाटलं. शास्त्रीबोवा ओरडले, “अरे भैया, मुहूर्त निकल जाएगा!” मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. निकल जाने दो, म्हणालो, पण हळू.

आणि मुहूर्त निघून गेला. शास्त्रीबोवा सायकलवर बसून गोपाळरावांकडे गेले, मागून घोडा गेला. कढईवाला विचारायला आला, मी खुणेने त्यालाही जा म्हटलं. आपल्या बंधूंना मी बँडवाल्यांपाशी उभं केलं. ते फालतू होते ते बरं झालं, नाहीतर ढोलावर हात पडलाच असता. अख्खं वऱ्हाड कुजबुजत बसलं. आचाऱ्याने झारा फडक्यात गुंडाळला. अंतरपाटाच्या अलीकडे बकुळ, पलीकडे विद्याधर, दोघं पाटावरच बसून हसू दाबत होते. कुणीतरी बाजूला लाडू वाटायला सुरुवात केली आणि लोकांनी ते न चावता खाल्ले.

उन्हं कलली तेव्हा आपण उठलात. आपण विचारलंत, “सुरू करा की, कशाला थांबलात?” मी म्हणालो, आता गोरज मुहूर्त आहे. तेव्हा आपला चेहरा उतरला, तो मी पाहिला. आपल्यामुळे खोळंबा झाला असं आपल्याला वाटलं. तसं नव्हतं. माझ्या टेबलावरून एकही इंजिन उशिरा बाहेर पडलेलं नाही. त्या दिवशी सगळं गाव मी माझ्या मर्जीने उशिरा सोडलं, आणि मला अजून त्याचं वाईट वाटत नाही. म्हणून क्षमा कशाची मागायची ते मला नीट कळत नाही. आपण सांगावं.

बकुळ गेल्यापासून इथलं घर खाली झालं आहे. आता हा शब्द आपल्याला कळतो म्हणून लिहिला. भिंतीवरच्या तक्त्यात तिची ओळ आहे. शारदा म्हणते काढून टाका, माझा हात होत नाही. ती तिथे कशी आहे ते दोन ओळींत कळवावं.

आपला,
यज्ञेश्वर


वाई, २० मे १९५८

श्री. यज्ञेश्वरराव यांना नमस्कार.

मी स्टेशनावर बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि डब्यात माझ्या समोर माझा भाऊ बसला होता. त्याने ते गावभर सांगितलं असतं. रागावले होते हेही खरं. पोटच्या मुलाचा मुहूर्त माझ्या झोपेपायी टळला, ही गोष्ट मी वाईत कुणालाही सांगितलेली नाही आणि आपणही सांगू नये. मुहूर्त टाळणं कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

क्षमा मागू नका. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून माझ्यासाठी कुणी काही थांबवलेलं नाही. नवरा गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाली आणि मी वर्गात उभी राहिले. मुलाला ताप असला तरी घंटा वाजायचीच. आणि आपण एवढी माणसं, बँड, घोडा आणि भटजी थांबवले, आणि कुणाला मोठ्याने श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. मी गाडीत भुसावळपर्यंत तेच आठवत होते.

बकुळचं विचारलंत. इथे नव्या सुनेने उजाडायच्या आत उठून दारात सडा घालायचा असतो. शेजारपाजारच्या बायका त्या वेळी मुद्दाम बाहेर येतात, सून कशी आहे ते बघायला. पहिल्या दिवशी उजाडलं तरी बकुळ झोपलेली होती. इतक्या दिवसांची धावपळ, प्रवास, आणि आईवडील सोडून आलेली पोर. विद्याधर तिला हाक मारायला निघाला. मी त्याला दारातच धरलं.

तेव्हापासून रोज सकाळी सडा मीच घालते. मग दाराशी खुर्ची टाकून बसते आणि दूधवाला ओरडायला लागला की बोट ओठांवर ठेवते. लीलाताई विचारतात, सून उठली का? मी म्हणते, उठेल.

आत्ताही ती झोपली आहे. उठली की आपल्याला चार ओळी लिहील म्हणाली होती, म्हणून पाकीट अजून चिकटवलेलं नाही.

अनुसूया